काठावरची साखर आणि दाचिंगची तीस वर्षं

"डॉक्टर, रिपोर्ट बॉर्डरलाइन आहे, म्हणजे गोळी नको ना?" बहुतेकदा नको असते. पण म्हणून रिपोर्ट फाइलला लावून विसरायचाही नसतो. काठावरच्या साखरेचं पुढे काय होतं आणि ती कशी थोपवता येते, याची सर्वात लांब कहाणी चीनमधली आहे.

दाचिंग हे ईशान्य चीनमधलं तेलाच्या खाणींचं शहर. १९८६ मध्ये डॉ. पान शियाओरेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३३ दवाखान्यांतून १,१०,६६० लोकांची साखर तपासली. काठावर असलेले ५७७ जण अभ्यासात घेतले. चिठ्ठ्या टाकल्या त्या माणसांच्या नव्हे, दवाखान्यांच्या. काही दवाखान्यांत फक्त आहाराचा सल्ला, काहींत व्यायामाचा, काहींत दोन्ही आणि काहींत नेहमीची साधारण माहिती.

सल्ला अगदी साधा होता. भाज्या वाढवा, साखर आणि दारू कमी करा, वजन जास्त असेल तर उतरवा. व्यायाम म्हणजे रोज किमान वीस मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्या मेहनतीचं दुसरं काही. खरी मेहनत पाठपुराव्याची होती. पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा, मग दर तीन महिन्यांनी बोलावणं, आणि हे सहा वर्षं!

सहा वर्षांनी साध्या माहितीच्या गटात ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. बाकी तिन्ही गटांत ४१ ते ४६ टक्के. गंमत म्हणजे दोन्ही करणाऱ्यांना एकच करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

सल्ला १९९२ ला थांबला, नोंदी चालू राहिल्या. खरं सांगायचं तर वीस वर्षांत सल्ला मिळालेल्यांपैकीही ८० टक्के लोकांना मधुमेह झालाच (न मिळालेल्यांत ९३). मग उपयोग काय? तीस वर्षांच्या हिशेबात मधुमेह सुमारे चार वर्षं उशिरा आला, हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, आयुष्य जवळजवळ दीड वर्षाने वाढलं.

"चिनी माणसाचं आपल्याला काय?" असं विचाराल, तर चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच अभ्यास केला. तीन वर्षांत नुसत्या आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण ५५ वरून ३९ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढंच.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर पुढची तपासणी कधी करायची, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून घ्या.