रुमाल आणि चकती

साताऱ्याच्या छत्रपतींच्या काय किंवा सांगली-मिरजेच्या पटवर्धनांच्या काय, दप्तरात कागद वाढले की कारकून नवा रुमाल बांधीत. जुना तसाच राही. आजच्या टेबलावरील संगणकाची साठवण वाढविण्याची रीतही हीच. पेटीत जागा असली, की जुन्या हार्ड डिस्कशेजारी दुसरी बसवावयाची.

1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा 50 चकत्यांवर जेमतेम 50 लक्ष अक्षरे मावत. आज एक टेराबाइटच्या लहानशा डिस्कमध्ये त्याच्या दोन लक्ष पट मावतात.

पण जागा वाढली म्हणजे मजकूर वाचला, असे नव्हे. मिरजेच्या शाळेत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापावयास घेतली. रुमालात कोंडलेले पत्र त्यामुळे गावोगाव पोचले. मूळ कागदाला कसर लागली तरी मजकूर उरणार होता.

तेव्हा नवी डिस्क बसविणाऱ्याने सगळा मजकूर तिच्यावर हलवून निश्चिंत होऊ नये. दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. पेटी जळाली तर दोन्ही जातात. एक प्रत घराबाहेर, निराळ्या जागी ठेवावी. खरेशास्त्र्यांच्या छपाईने दप्तरासाठी तेच केले.