देवळालीचा अंकखेळ

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवत होते. गणितातली पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाने १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. चारही अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्यायची. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२ आणि ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तिथून संख्या हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम येतोच.

यातून कुमारवयीन विद्यार्थ्यांसाठी संगणकीय खेळ करता येईल, कारण त्याला लागणारे सारे इथे तयार आहे: एका वाक्यात सांगता येणारा नियम, ठरलेले लक्ष्य, मर्यादित चाली. वजाबाकीचा सराव तर आपसूक होतो. हातचा चुकला की वाट बदलते, आणि चूक शोधण्यातच खरे शिक्षण आहे. देशातल्या अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाला किरकोळ मानले, हा अन्यायच होता. १९७५ मध्ये लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.