चित्रमय नकाशे आणि आपली बार्शी

शाळेच्या भिंतीवरील नकाशा पाहून आपली अशी समजूत झालेली असते की, उत्तर दिशा वरच असावयाची व अंतर मोजूनच दाखवावयाचे. वस्तुतः मराठेशाहीतील नकाशांची रीत निराळी होती. त्या काळचे जे नकाशे आज अवशिष्ट आहेत, त्यांत डोंगर समोरून पाहावेत तसे उभे काढलेले आढळतात. गडाला तट व बुरूज असतात, नदीच्या पात्रात क्वचित मासेही दिसतात. तेथे प्रमाण इंचाचे नसून महत्त्वाचे असते. ज्या स्थळाशी कार्य, ते स्थळ मोठे.

तीर्थक्षेत्रांच्या चित्रांतही हीच दृष्टी आहे. १८७६ साली कैलासनाथ सुकुल यांचा ‘काशीदर्पण’ हा छापील नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात देवालयांची दाटी आहे, कारण यात्रेकरूला गल्लीची लांबी नव्हे, तर दर्शनाची स्थळे हवी होती.

१८०२ साली लॅम्टन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली. तीतून नकाशाला अचूकता आली. रस्ते, कालवे, लोहमार्ग यांना ती अवश्यच होती. तथापि जागा कोठे आहे हे कळले, ती का आहे हे मात्र नकाशातून गळाले.

बार्शीचेच उदाहरण घेऊ. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाईट रेल्वेची गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीस धावू लागली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला आणि १ जानेवारी १९५४ रोजी शासनाकडे आला. मोजणीच्या नकाशात ही केवळ एक रेघ होती. पुढे मार्ग रुंद झाला आणि तो अरुंद रूळही गेला. चित्रमय नकाशात मात्र पंढरपूरच्या बाजूस पताका घेतलेले वारकरी आणि बार्शीच्या पेठेशी कापसाच्या गाठी काढल्या, की ही गाडी कोणासाठी धावली हे मुलालाही उमगेल.

असा नकाशा बार्शीचा व्हावा. त्याच्या मध्यभागी श्रीभगवंताचे मंदिर येईल. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा आणि ‘बारस’ या शब्दाशी गावाच्या नावाचा लोक लावीत असलेला संबंधही येईल. परंतु कथा व इतिहास यांची चिन्हे एकाच रंगात काढू नयेत. अंबरीष राजा श्रद्धेच्या रंगात असावा, १८९७ ची गाडी कागदपत्रांच्या रंगात. ही शिस्त नसेल, तर चित्र सुंदर होईल, पण इतिहास राहणार नाही.

दुसरी सावधगिरी अधिक कठीण आहे. प्रमाण महत्त्वाचे असले, की महत्त्व ठरविणारा हात स्वतःची आळी मोठी काढतो. समाजबांधवांनी हा मोह टाळावा. आपल्या वाड्याशेजारी इतरांची घरे, पाणवठे व कामाच्या जागाही तितक्याच निष्ठेने दाखवाव्यात. ज्यांना वगळले, ते पुढील पिढीस नव्हतेच असे वाटेल.

अरुंद रुळाची गाडी पाहिलेली वडीलधारी मंडळी आज आपल्या घरांत आहेत. त्यांना शेजारी बसवावे, हाती कागद घ्यावा आणि विचारावे, “येथे काय होते?” मोजणी पुन्हा करता येते, ही आठवण एकदा गेली की पुन्हा मिळावयाची नाही.