महाधमनी विच्छेदनाचे शारीरिक तपासणीद्वारे निदान : एक ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : भोर व वेल्हे तालुके)

प्रस्तावना
पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ तालुके होत. येथील वाड्यावस्त्यांवरील रुग्णास हृदयशस्त्रक्रियेसाठी पुणे गाठावे लागते. त्यास प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरापाशी मुख्यतः हात, स्टेथोस्कोप व रक्तदाबमापक हीच साधने असतात. महाधमनी विच्छेदन ओळखण्यात या साधनांचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक आढावा
महाधमनीच्या आतील अस्तरास चीर पडून रक्त तिच्या भित्तीच्या थरांत शिरते, यास महाधमनी विच्छेदन म्हणतात. इ. स. १७६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याचा आकस्मिक मृत्यू झाला. फ्रँक निकोल्स यांना शवविच्छेदनात हृदयावरणात साकळलेले रक्त व महाधमनीत चीर आढळली. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक यांनी १८१९ मध्ये या विकारास नाव दिले. तथापि निदान दीर्घकाळ बहुधा मृत्यूनंतरच होत असे. १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी रक्तदाब मोजण्याची श्रवणपद्धती मांडली आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबातील तफावत अंकांत नोंदविणे सुलभ झाले.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. पुढे या वनस्पतीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. १९६५ मध्ये अमेरिकेत व्हीट व सहकाऱ्यांनी विच्छेदनावर शस्त्रक्रियेविना जे औषधोपचार सुचविले, त्यांत रेसर्पिनचा समावेश होता.

लक्षणांचे मूल्य व मर्यादा
२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत १२ केंद्रांतील ४६४ रुग्ण होते. सुमारे ८५ टक्के रुग्णांत वेदना एकाएकी उद्भवली होती. महाधमनीच्या झडपेतून रक्त मागे परतल्याची मर्मर सुमारे ३२ टक्के, तर नाडी क्षीण वा लुप्त असणे केवळ १५ टक्के रुग्णांत आढळले. म्हणजेच नाडीतील फरक आढळल्यास संशय बळावतो. परंतु तो न आढळल्याने विच्छेदन नाही असे ठरत नाही.

दुर्गम भागात या भेदास विशेष महत्त्व आहे. छातीतील वेदना हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळविणारे औषध दिल्यास विच्छेदनाच्या रुग्णास ते प्राणघातक ठरू शकते. उलटपक्षी, हृदयाजवळील भागातील विच्छेदनात आरंभी उपचाराविना दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात. त्यामुळे विलंबही परवडत नाही.

निष्कर्ष
अंतिम निदान सी. टी. स्कॅनसारख्या तपासणीनेच होते. मात्र वेदना कशी सुरू झाली हे विचारणे, दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब पाहणे आणि मर्मर ऐकणे यांस काही मिनिटेच लागतात. भोर-वेल्ह्यातून रुग्णास कोठे व किती तातडीने पाठवावयाचे, हा निर्णय या काही मिनिटांवर अवलंबून असतो.