प्राणी, जंतू आणि केळीचं पील

मराठी शब्दांच्या मुळाशी कोणते धातू आहेत ते शोधण्याचा ध्यास घेतलेले वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मागे धुळ्याहूनच छापला गेला. धातू म्हणजे क्रिया, आणि सजीवांची नावं चाळली की त्यांच्यामागे बहुधा क्रियाच निघते. शाळेच्या पुस्तकात वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन अशी सगळी लक्षणं रांगेत उभी असतात. जुन्या शब्दांनी मात्र एकेकच लक्षण धरलं.

‘प्राणी’त ‘अन्’ आहे, म्हणजे श्वास घेणं. लॅटिन ‘अॅनिमा’चा मूळ अर्थही वारा, श्वास; ‘अॅनिमल’ तिथूनच आला. श्वास झाडही घेतं, पण त्याला प्राणी म्हणायला कोणी तयार नाही. ‘जंतू’ हा ‘जन्’पासून, म्हणजे जन्माला येणारा. गीतेतल्या जंतूंत माणसंही येतात. आज तो शब्द फिनेलच्या बाटलीवर मरायला उरला आहे. ‘जंगम’ म्हणजे हलणारा. आता सोनंनाणं, कपाटं जंगम मालमत्तेत जातात आणि बांधावरचं जितंजागतं झाड स्थावर ठरतं! ‘वनस्पती’ चरकसंहितेत फक्त फूल न दिसता फळणारी झाडं होती, उंबरासारखी. आपण त्यात गवतसुद्धा घातलं. ‘पेशी’ म्हणजे आयुर्वेदात मांसाचा गोळा, गर्भाचं एक रूप. मराठी विज्ञानाने तो शब्द जीवाच्या सर्वांत लहान घटकासाठी घेतला. हिंदीने ‘कोशिका’ केलं. मला पेशी बरी वाटते, तिच्यात निदान मांस आहे.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीबागांत मात्र शब्द वेगळ्या वाटेने आले. केळीचा घड खोडातून बाहेर पडू लागला की बाग ‘निसवली’. ज्वारीचं कणीस पोटऱ्यातून बाहेर पडतं, तेही निसवणंच. आपण खोड म्हणतो ते खरं तर पानांच्या बुडांची घट्ट गुंडाळी. खरं खोड जमिनीखाली, कंदात. वरचं खोड एकदाच घड देतं आणि संपतं. तोवर बाजूने कोंब आलेला असतो. त्याचं नाव पील, आणि त्याच्यावर धरलेली पुढची बाग ती पीलबाग.

पील हे पिल्लाचंच भावंड. ‘पिल्लू’ संस्कृतातून आलेलं नाही. तमिळ ‘पिळ्ळै’, तेलुगू ‘पिल्ल’ या द्राविडी गोतावळ्यातलं आहे. राजवाड्यांचा सारा ओढा संस्कृत धातूंकडे, त्यांना हे रुचलं नसतं. पण तमिळमध्ये नारळाचं रोप ‘तेन्नंपिळ्ळै’ आणि केळीचं पील ‘कन्रु’, म्हणजे चक्क वासरू. झाडालाही पिल्लं होतात हे दक्षिणेत आणि खानदेशात सारखंच गृहीत आहे.

यात जीवशास्त्रही चोख आहे. बागेतल्या केळीला बी धरत नाही, फळ परागणाशिवाय भरतं. तिचा वंश चालतो तो पिलांवर, कंदांवर आणि आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांवर. पुस्तकात शाकीय प्रजननासाठी बटाटा आणि पानफुटी असतात. जळगाव जिल्ह्यातल्या गुरुजींनी आणि बाईंनी तो धडा पीलबागेपासून सुरू करावा. बटाटा मागून आला तरी चालेल.