'स्वयंपाकी' : मावळातील एका उपजीविकेचा शब्देतिहास

'स्वयंपाक' या शब्दाचा मूळ अर्थ 'स्वतः शिजविणे' असा आहे. संस्कृतात 'स्वयंपाकी' म्हणजे परहस्ताचे अन्न वर्ज्य मानून आपल्यापुरते रांधणारा आचारनिष्ठ पुरुष. मराठीत मात्र वेतन घेऊन दुसऱ्यासाठी रांधणाऱ्यास हीच संज्ञा प्राप्त झाली. हा अर्थ असा उलट का फिरला, याचा उलगडा कोशापेक्षा दरबारात आणि गावगाड्यात अधिक होतो. भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत जुनी राजधानी, संस्थान आणि मावळी खेडे ही तिन्ही एकमेकांलगत नांदली असल्याने हा शोध येथे घेणे सोयीचे आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी राजधानी रायगडी गेली; तत्पूर्वी राज्याचा कारभार राजगडावरून चाले. मराठी राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या यादीत नगारखान्याबरोबर मुदबखखानाही येतो. 'मुदबख' हे अरबी 'मतबख'चे रूप. पुढे लोकांनी त्यात संस्कृत 'पाक' ऐकला आणि 'मुदपाकखाना' असे रूप रूढ केले. अर्थ न कळलेल्या परक्या शब्दास ओळखीचा अर्थ चिकटविण्याची ही भाषेची नेहमीची खोड होय. येथे महत्त्वाचे ते एवढेच की, वाजविणारा व रांधणारा हे दोघेही सरकारी चाकरीचे धनी होते. 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांच्या यादीतही भाज्या, सार व भक्ष्ये करण्याची कला गायन-वादनाबरोबरच मोजलेली आहे.

गावाची यादी मात्र वेगळी होती. देवळात वाजविणाऱ्या आणि पत्रावळी पुरविणाऱ्या गुरवास खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. गोंधळ्यासही त्याचा हक्क असे. पत्रावळीला वाटा होता, पत्रावळीवर वाढल्या जाणाऱ्या अन्नाला नव्हता! बारा बलुत्यांत सुतार, कुंभार, न्हावी आहेत, आचारी नाही. याचे कारण उघड आहे. नित्याचे रांधणे हे घरातील स्त्रीचे काम आणि तिच्या कसबाला गावकीने कधीच स्वतंत्र मोल दिले नाही. शिवाय पंक्तिभेदामुळे सर्व गावाला एकाच हातचे अन्न चालत नसे. ज्याच्या हातचे बहुतेकांना चाले तो ब्राह्मणच. म्हणून सोवळे पाळून स्वतःपुरते रांधणारा 'स्वयंपाकी' हाच मोलाने बोलावण्याजोगा ठरला. शब्दाच्या अर्थांतराचे मूळ येथे असावे. ज्या सोवळ्याने त्याला दुसऱ्याच्या चुलीपासून दूर ठेवले, त्यानेच त्याच्या हाताला बाजारभाव दिला.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र हा भाव आला तो दैन्याच्या रूपाने. 'चार घरी पोळ्या लाटून मुलगा शिकविला' या वाक्यात त्या माउलीविषयी आदर आहे, पण तिच्या पोळीविषयी एक अक्षरही नाही. गवयाच्या उपजीविकेविषयी बोलताना त्याच्या गळ्याचा उल्लेख कोणी गाळील काय?

भोरच्या पंत सचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानी आश्रयाचा काळ संपला. त्याआधीच छापखान्याने दुसरा मार्ग उघडला होता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले; लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, तर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. या दोघींमुळे स्त्रीचे पाककौशल्य तिच्या स्वतःच्या नावानिशी बाजारात आले. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बायकांना मात्र १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत संघटनेचे बळ नव्हते.

आज राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत गडावर येणाऱ्यांसाठी घरोघरी पिठले-भाकरी, ठेचा आणि भात रांधला जातो. तेथे जेवणासाठी 'आचारी' किंवा 'खाणावळ' असे शब्द क्वचितच ऐकू येतात. 'घरगुती जेवण' असेच म्हणतात, आणि त्याचे पैसे घेतात.