ग्रुपॉन, कपकेक आणि नऊ रुपये किलो कांदा

तुमच्या जुन्या मेलबॉक्समध्ये जरा खोदकाम केलंत तर २०११-१२च्या थरात 'फक्त आजच, ७०% सूट!' छापाच्या मेल्सचा ढीग हमखास सापडेल. स्पा, बुफे, दात साफ करून घेणे, काय वाट्टेल ते. ही लाट आली कुठून आणि गेली कुठे, त्याची ही गोष्ट.

मूळ कल्पना खरेदीची नव्हतीच. अँड्र्यू मेसनने २००७ साली शिकागोत 'द पॉइंट' नावाची साइट काढली. एखाद्या कामाला पुरेसे लोक 'हो' म्हणाले तरच सगळ्यांनी ते करायचं, नाहीतर कुणीच नाही. म्हणजे सोसायटीत 'आधी बाकीच्यांना देऊ दे, मग मी वर्गणी देतो' म्हणणाऱ्या काकांवर अक्सीर इलाज! साइट फारशी चालली नाही, पण त्याच कल्पनेतून नोव्हेंबर २००८ मध्ये ग्रुपॉन निघाली. पहिलं डील ऑफिसच्याच इमारतीत तळमजल्यावर असलेल्या मोटेल बारचं: एका पिझ्झ्याच्या किमतीत दोन. साइट म्हणजे चक्क वर्डप्रेसचा ब्लॉग होता, कूपनच्या पीडीएफ फाइलमेकरमधून निघायच्या आणि एक स्क्रिप्ट त्या मेल करायची. आपल्यापैकी कुणीही शनिवार-रविवारात उभं करेल असं काम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुकानदाराचा हिशोब बघू. वीस डॉलरचं जेवण गिऱ्हाइकाला दहात. त्या दहातले साधारण निम्मे ग्रुपॉनचे. म्हणजे वीसच्या जेवणाचे हॉटेलवाल्याच्या हातात पाच. तरी तो तयार व्हायचा, कारण आधी खिशातून काही जात नाही आणि आलेलं गिऱ्हाईक परत येईल ही आशा.

माझ्या मते खरी गोम 'द पॉइंट'कडून वारशाने आलेल्या त्या अटीत आहे. इतके लोक आले तरच डील लागू, ही झाली किमान मर्यादा. पण चार टेबलांच्या हॉटेलला गरज असते कमाल मर्यादेची! ती घालता येत नव्हती असं नाही. पण जितकी कूपनं जास्त तितका ग्रुपॉनचा वाटा जास्त, मग तो आग्रह धरणार कोण?

पोर्टलंडच्या एका छोट्या कॅफेच्या मालकिणीने २०१० मध्ये जाहीरपणे लिहिलं, की ग्रुपॉननंतर पगार आणि भाडं द्यायला स्वतःच्या बचतीतले ८,००० डॉलर काढावे लागले. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका बेकरीने २०११ मध्ये २६ पौंडांचे डझनभर कपकेक साडेसहा पौंडांना देऊ केले. ८,५०० लोकांनी कूपन घेतलं. म्हणजे १,०२,००० कपकेक! बाहेरून माणसं लावून रात्री-बेरात्री भट्टी चालवली आणि वर्षाचा नफा त्यात गेला. सगळ्यांचंच असं झालं नाही हेही सांगायला हवं. राइस विद्यापीठाच्या उत्पल ढोलकिया यांनी २०१० मध्ये १५० व्यवसायांची पाहणी केली, तेव्हा ६६ टक्क्यांना फायदा झाला होता. पण ४० टक्क्यांहून जास्त लोक 'पुन्हा नको रे बाबा' म्हणत होते.

आणि कंपन्या? वर्डप्रेसवर उभा राहणारा धंदा म्हटल्यावर नक्कल करायला कितीसा वेळ लागणार? वॉशिंग्टनच्या लिव्हिंगसोशलमध्ये अ‍ॅमेझॉनने २०१० च्या अखेरीस १७५ दशलक्ष डॉलर घातले. ग्रुपॉनने गुगलची सुमारे सहा अब्जांची ऑफर नाकारल्याच्या बातम्या आल्या, मग २०११ मध्ये गुगलने स्वतःचीच डील्स काढली. फेसबुकनेही काढली आणि चार महिन्यांत बंद केली. भांडण तंत्रज्ञानाचं नव्हतंच. कोण जास्त ई-मेल पत्ते गोळा करतो आणि जास्त सेल्समन नेमतो, एवढंच. त्यात पैसा पाण्यासारखा वाहिला. ग्रुपॉनने आयपीओच्या कागदपत्रांत जाहिरातखर्च वजा न करणारा एक 'नफा' शोधून काढला. २०१० चा हा नफा सहा कोटी डॉलर, आणि खरा तोटा त्याच्या सात पट! ७१.३ कोटींची विक्रीही ३१.३ कोटींवर आणावी लागली, कारण दुकानदाराचा वाटाही आपल्यातच धरला होता. असो. तरी नोव्हेंबर २०११ मध्ये शेअर वीस डॉलरना विकला गेला आणि पहिल्या दिवशी वरही गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेसनची गच्छंती झाली.

आपल्याकडे स्नॅपडील २०१० मध्ये असंच कूपनं विकत सुरू झालं, पण लवकरच वस्तूंच्या बाजारपेठेकडे वळलं. ग्रुपॉनने जानेवारी २०११ मध्ये 'सोसस्ता' घेतली. त्याच वर्षी तिच्या तीन लाख ग्राहकांचे पासवर्ड कुठलंही एन्क्रिप्शन नसलेल्या अवस्थेत गुगलवर सापडले. (हो, गुगलवर. सर्च करून.) सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा कडाडलेला असताना ग्रुपॉनने नऊ रुपये किलोने विकला: ३,००० किलो ४४ मिनिटांत खलास आणि साइट झोपली. इथे मात्र एका माणसाला एकच किलो आणि दिवसाचा साठा ठरलेला! जाहिरातीचा तोटा स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर कमाल मर्यादा बरोबर आठवली.

२०१५ मध्ये भारतातली शाखा वेगळी होऊन 'नियरबाय' झाली. २०१६ मध्ये ग्रुपॉनने लिव्हिंगसोशल ताब्यात घेतली, तीही एक डॉलर न देता. अ‍ॅमेझॉनचे पैसे तोवर कधीच बुडीत खात्यात गेले होते.